गाडीने पाँडिचेरी: जिंजी, समुद्र आणि बाटल्या

बंगळुरूच्या मराठी मंडळींकडून पाँडिचेरीबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले काही निवडून उत्तरं देतोय.

प्रश्न: शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीच निघावं की शनिवारी पहाटे? बरोबर दोन मुलं आणि सासूबाई आहेत.

शनिवारी पहाटे. साडेचारला गाडी गेटबाहेर हवी. शुक्रवारी संध्याकाळी हद्दीवरचं अत्तीबेले गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो, आणि पुढचा रस्ता रात्रीचा नाही. एकूण अंतर ३१०-३२० किलोमीटर. कृष्णगिरीपर्यंत हायवे झकास आहे. तिथून ऊत्तंगरई, तिरुवन्नामलाई, जिंजी, तिंडिवनम असा रस्ता बहुतेक ठिकाणी दुपदरी. गावं लागतात, स्पीडब्रेकर लागतात, आणि सरकारी बसवाले ओव्हरटेक करताना तुमची लेनही आपलीच धरतात. सुगीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं असतं, भोवती दगड मांडून. अंधारात ते दगड दिसत नाहीत, टायरखाली आले की कळतात.

आणखी एक. निघण्याआधी कालनिर्णय बघा. पौर्णिमेला तिरुवन्नामलाईत गिरिवलम असतं. अरुणाचल डोंगराभोवती १४ किलोमीटरची प्रदक्षिणा घालायला लाखो माणसं लोटतात. त्या दिवशी गावातून गाडी काढणं विसरा. कार्तिकी दीपम या तिथल्या दिव्यांच्या उत्सवात तर त्या बाजूला फिरकूच नका, दर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: जिंजीला थांबायचंच आहे. दोन तासांत किल्ला होतो का?

पायथा होतो, किल्ला होत नाही. जिंजी म्हणजे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. राजगिरी सगळ्यात उंच, तमिळनाडूच्या उन्हात त्याच्या पायऱ्या घाम काढतात. दहा वाजल्यानंतर चढायला लागलात तर अर्ध्यावरून परत याल. म्हणून म्हणतो, जाताना थांबू नका. शनिवारी थेट पाँडिचेरी गाठा आणि रविवारी परतीच्या वाटेवर, सकाळी दार उघडताच, जिंजीला हजर व्हा. पाँडिचेरीहून ते सत्तरेक किलोमीटर. सासूबाईंना पायथ्याचा कल्याण महाल, धान्यकोठारं आणि तलाव निवांत बघता येतील. खाण्याची पिशवी मात्र हातात धरू नका, माकडं फार धीट आहेत.

मराठी माणसाने हा किल्ला न बघता पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १६७७ मध्ये शिवरायांनी दक्षिण मोहिमेत तो घेतला. १६८९ मध्ये राजाराम महाराज वेषांतर करून इथे पोहोचले, तेही बंगळुरूमार्गेच. १६९८ मध्ये किल्ला मुघलांच्या हाती पडेपर्यंत स्वराज्याचा कारभार इथून चालला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. चढताना मागे वळून दुसरे दोन डोंगर बघा. मुघलांना तो घ्यायला इतकी वर्षं का लागली ते पुस्तकापेक्षा तिथे चटकन कळतं.

प्रश्न: गोव्यासारखा बीच आहे ना? मुलांना पोहायचंय आणि आम्हाला सूर्यास्त बघायचाय.

दोन्ही नाही. हा पूर्व किनारा, सूर्य समुद्रातून उगवतो. त्यासाठी साडेपाचला उठा. शहरासमोर वाळूऐवजी काळे दगड दिसतील. १९८० च्या दशकात दक्षिणेला बंदराचे बांध घातले, उत्तरेकडे सरकणारी वाळू तिथेच अडली आणि शहराचा किनारा समुद्राने खाल्ला. अलीकडे पाण्यात कृत्रिम अडथळा घातल्यावर थोडी वाळू परत आली आहे. तिथे मुलांचे पाय भिजवा, पोहू देऊ नका. बंगालच्या उपसागराची ओढ जबर असते. गोवा डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. संध्याकाळी किनाऱ्यालगतचा रस्ता गाड्यांना बंद होतो, तेव्हा म्हातारेकोतारे, पोरंटोरं, सगळं गाव तिथे चालायला येतं. मला पाँडिचेरीत सगळ्यात आवडतं ते हेच.

प्रश्न: पावसाळ्यात, जुलैत गेलं तर चालेल?

चालेल, पण पाऊस शोधत जाऊ नका. तिकडचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी, तिकडे वादळांचा मोसम! नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस फेंजल वादळ पाँडिचेरीजवळ धडकलं, शहर तर बुडालंच, आपल्या वाटेवरच्या ऊत्तंगरईतही पुराने गाड्या वाहून गेल्या. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे नको.

प्रश्न: तिथे दारू स्वस्त मिळते म्हणतात. येताना चार बाटल्या आणल्या तर?

आणू नका. पाँडिचेरी हा वेगळा केंद्रशासित प्रदेश. हद्द ओलांडली की तमिळनाडू, आणि नाक्यांवर तपासणी होते. तिथल्या तिथे प्या, खोलीवर चालत जा. टाकी भरून घ्यायची तर पेट्रोलची भरा.

प्रश्न: पाँडिचेरीजवळच्या ऑरोविल वसाहतीतलं मातृमंदिर, म्हणजे ती ध्यानाची वास्तू, आतून बघता येतं का?

येतं, पण आधी नोंदणी करावी लागते आणि विकेंडच्या जागा लवकर भरतात. नोंदणी नसेल तर ऑरोविलच्या व्हिजिटर सेंटरहून पास घ्या आणि झाडीतून चालत जाऊन तो सोनेरी गोल लांबून बघा. दोन दिवसांच्या सहलीत मी तेवढ्यावरच भागवेन आणि तो वेळ जिंजीला देईन.