वाचकांचे प्रश्न : रानडुक्कर आणि रिव्हॉल्व्हर

प्रश्न : काटोलजवळच्या आमच्या संत्राबागेत रानडुकरांचा उपद्रव आहे. शिकारीत बंदुकीच्या जोडीला आणि एरवी नागपुरात बाळगण्यास कोणते पिस्तूल घ्यावे?

उत्तर : शिकारीचा विचार आधी सोडावा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पिके नासवणारे रानडुक्करही वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. ती मिळालीच, तरी नागरिकांना सहसा मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरची ०.३२ बोअरची (सुमारे ०.३२ इंच व्यासाची) गोळी जखमी डुकराला जागीच रोखण्याइतकी जोरकस नसते, आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल तर प्रतिबंधित आहे. तेव्हा तेथे बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूकच बरी. बाळगण्यासाठी मात्र, सराव बेताचाच असेल तर (बहुतेकांचा असतोच), रिव्हॉल्व्हर घ्यावे, कारण एखादी गोळी न उडाल्यास चाप पुन्हा ओढताच गोळ्यांची चक्री फिरून पुढची समोर येते. शहरातील रहिवाशांनी परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा.