घर विकून सेवेला निघावं का?

तुमच्या पत्राचा सारांश असा: परदेशात सुवार्तेच्या सेवेसाठी पाचारण आहे, दोन मुलं शाळेत आहेत, लागणाऱ्या मासिक मदतीपैकी निम्म्याचीच वचनं मंडळ्यांकडून (म्हणजे चर्चकडून) मिळाली आहेत. उरलेली तूट राहतं घर विकून भरायची आणि लगेच निघायचं.

घर विकू नका. भाड्याने द्या आणि निघायची तारीख पुढे ढकला.

तूट दर महिन्याची आहे, घराचे पैसे एकदाच येणार. ते घरखर्चात जिरले की तूट पुन्हा समोर उभी, आणि तोवर तुम्ही मदत देणाऱ्यांपासून दूर गेलेले. वचनं गोळा व्हायची ती समोरासमोर बसून. बऱ्याच मिशन संस्था ठरलेला पाठिंबा जमल्याशिवाय निघू देत नाहीत, ते याच कारणाने.

शिवाय व्हिसा तुमच्या हातात नाही. १९४९नंतर काही वर्षांतच चीनमधून जवळजवळ सगळे परदेशी मिशनरी बाहेर पडले. तुम्हाला असं अचानक परतावं लागलं, तर मुलांना घेऊन उतरणार कुठे? चलनाचाही भरवसा नाही. सप्टेंबर १९४९मध्ये पौंड एका फटक्यात ४.०३ डॉलरवरून २.८०वर आला, पौंडात मदत घेऊन डॉलरमध्ये खर्च करणाऱ्याची जवळपास तिसरा हिस्सा कमाई गेली. म्हणून अंदाजपत्रकात थोडी ढील ठेवा आणि परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे काढा. आरोग्य विम्यात आजारी माणसाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलाय का, तेही बघा.

एक खर्च तुमच्या यादीत नाही. तिथे शेजारीपाजारी, मंडळीतली माणसं उसने पैसे मागतील. त्यांच्या नजरेत तुम्ही श्रीमंतच. उसने देऊ नका. ज्याला फेडणं जमत नाही तो तोंड चुकवतो आणि रविवारी उपासनेला यायचाच बंद होतो. दरमहा एक रक्कम ठरवा आणि तिथल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांच्या हाती द्या. गरज कुणाची खरी, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

‘प्रभू पुरवील’ असं तुम्ही लिहिलंय. त्यावर माझा वाद नाही. पण बायबलमधल्या प्रेषित पौलानेही करिंथ शहरात पोटासाठी तंबू शिवले आणि फिलिप्पैकरांची, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीची, मदतही घेतली.

भाडेकरू बघायच्या आधी घराचं मुखत्यारपत्र विश्वासातल्या नातेवाइकाच्या नावे करून घ्या. परदेशात गेल्यावर त्याच कागदासाठी दूतावासाचे खेटे घालावे लागतात.