ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी एकमेकांशी सौजन्याने संवाद साधावा, यासाठी शिक्षकाने काय करावे?

पहिल्याच आठवड्यात नियमावली देऊनही विद्यार्थ्यांच्या लेखी चर्चेत खोचक आणि तुसडी उत्तरे येतच राहतात, तर आणखी काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवते आहे. नियमावली असावीच, परंतु तिच्याकडून आपण फार मोठी अपेक्षा ठेवतो, असे माझे मत आहे. ‘इतरांचा आदर राखा’ हे वाक्य कोणालाच अमान्य नसते. तुसडे उत्तर लिहिणाऱ्यालाही आपण अनादर केला असे मुळीच वाटत नसते. मतभेद लेखी कसा मांडायचा हे बहुतेकांना कोणी शिकवलेलेच नसते, आणि ते शिकवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

समोरासमोर तोंडातून न निघणारे शब्द पडद्यावर सहज का लिहिले जातात, याची कारणमीमांसा मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली केली. त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी निनावीपणा अभ्यासक्रमात सहसा लागू होत नाही, कारण तिथे सर्वांची नावे ठाऊक असतात. मात्र समोरच्याचा चेहरा न दिसणे आणि त्याची प्रतिक्रिया तत्काळ न मिळणे, ही दोन कारणे पुरेपूर लागू होतात. यातच दुसरी अडचण मिसळते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ईमेल लिहिणाऱ्यांना आपला सूर उपरोधाचा आहे की गांभीर्याचा, हे वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा बरोबर ओळखेल असे वाटत होते. प्रत्यक्षात ते प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे निघाले. त्यामुळे ‘मी तर गमतीने लिहिले होते’ असे विद्यार्थी सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच बोलत असतो, आणि दुखावलेला विद्यार्थीही खराच असतो. हा प्रयोग मी पहिल्या आठवड्यातच सांगते; उपदेशापेक्षा तो अधिक लक्षात राहतो.

यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग नमुन्यांचा आहे. समजा, एकाने गणिताची सिद्धता मांडली आणि दुसऱ्याने लिहिले, ‘हे साफ चूक आहे, आधी धडा नीट वाचा.’ हेच उत्तर असेही लिहिता येते: ‘तिसऱ्या पायरीपर्यंतची मांडणी पटली. चौथ्या पायरीत दोन्ही बाजूंना ज्या पदाने भागले आहे, ते शून्य असू शकते. तसे झाल्यास निष्कर्ष टिकेल का?’ दुसऱ्या उत्तरात आक्षेप तसूभरही सौम्य झालेला नाही, उलट तो अधिक नेमका झाला आहे, कारण पहिल्या उत्तरावरून चूक कुठे आहे हे कळतच नाही. हे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवून कोणत्या उत्तरामुळे सिद्धता सुधारता येईल, एवढाच प्रश्न वर्गाला विचारावा. सौजन्य म्हणजे गुळगुळीत बोलणे नव्हे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

गुळगुळीतपणाचा धोका मात्र खरा आहे, आणि तो बरेचदा आपणच ओढवून घेतो. ‘प्रत्येकाने किमान दोघांना उत्तर द्यावे’ अशी सक्ती केली की ‘छान लिहिले आहे, मी सहमत आहे’ अशा उत्तरांचा पाऊस पडतो. त्याला संवाद म्हणवत नाही. तसेच ‘तुम्ही सहमत आहात का?’ असा प्रश्न दिला की दोन तट पडतात. त्याऐवजी ‘या मांडणीला आधार देणारा एक पुरावा आणि तिला अडचणीत आणणारा एक पुरावा द्या’ असे काम दिले, तर विरोधी मुद्दा मांडणे हा गृहपाठच होतो आणि त्यात वैयक्तिक काही उरत नाही. गटही लहान ठेवावेत. पाच-सहा जणांत माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतात.

लेखी नियम द्यायचेच असतील तर ते थोडे आणि कृतीचे असावेत. इंटरनेटवरील शिष्टाचाराचा ‘आरएफसी 1855’ हा दस्तऐवज ऑक्टोबर 1995 मधला आहे. भावनेच्या भरात द्यायचे उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, ही त्यातील सूचना मी आजही जशीच्या तशी देते. इंग्रजीत सर्व मोठी अक्षरे वापरणे हे ओरडल्यासारखे वाटते, असेही त्यात म्हटले आहे. देवनागरीत ती सोय नाही, तरीही आपण ती कसर उद्गारचिन्हांच्या रांगेने भरून काढतो!

उत्तर न मिळणे हाही उपेक्षेचाच प्रकार आहे, याकडे मात्र नियमावल्यांचे लक्ष नसते. एखाद्याचा पहिलाच प्रश्न दोन दिवस तसाच पडून राहिला, तर तो पुन्हा विचारत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत असे प्रश्न शोधून मी स्वतः उत्तर देते, किंवा ज्याला तो विषय येतो त्याला नावाने विनंती करते. शिक्षक ‘हे आधीच सांगितले आहे’ असे तुटक लिहीत असेल, तर विद्यार्थी तोच सूर उचलतात.

एवढे करूनही कोणी घसरलाच, तर त्याला सर्वांसमोर फटकारू नये. खासगी संदेशात मी साधारणपणे असे लिहिते: ‘तुमचा आक्षेप बरोबर आहे, तो राहू द्या. फक्त पहिले वाक्य व्यक्तीविषयी आहे. ते काढून उत्तर पुन्हा टाकाल का?’ बहुतेक जण लगेच दुरुस्ती करतात. जात, धर्म, लिंग, रूप किंवा भाषेवरून हिणवणारा मजकूर मात्र वेगळ्या वर्गात मोडतो. तिथे विनंतीची वाट न पाहता मजकूर नोंदीसाठी जतन करून ताबडतोब हटवावा, ज्याच्याविषयी तो होता त्याच्याशी आधी बोलावे आणि मग संस्थेच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे प्रकरण सोपवावे.