मॅनिटॉल बंद केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

नाही. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो.

तुम्ही लिहिलंय की वडील स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला, दुसऱ्या दिवशी एक फिट आली. आता आयसीयूत मॅनिटॉल, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं औषध, थांबवून नुसतं लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध चालू ठेवलंय. मॅनिटॉलने किडनी जाते का आणि फिटची गोळी आता जन्माची मागे लागली का, हेही विचारलंय. मी पुण्यातच न्यूरो आयसीयूमध्ये सिस्टर आहे, डॉक्टर नाही. वडिलांचा सीटी मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या डोसबद्दल काही बोलणार नाही. पण या दोन औषधांची कामंच वेगळी. एकाचा हिशोब तासांचा आणि दिवसांचा, दुसऱ्याचा आठवड्यांचा आणि महिन्यांचा. नातेवाईक दोन्हींना मिळून ‘मेंदूचं औषध’ म्हणतात आणि मग एक बंद झालं की घाबरतात.

आधी मॅनिटॉल. मार लागला की मेंदूला सूज येते, कधी रक्तही साचतं, पण कवटी काही ताणली जात नाही. आतला दाब वाढतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. एरवी हा दाब पाऱ्याच्या 15 मिलिमीटरच्या आत असतो. 22 च्या वर टिकून राहिला की उतरवावा लागतो. काही पेशंटना दाब मोजायला कवटीतून बारीक प्रोब टाकतात. जिथे प्रोब नाही तिथे आम्ही दर तासाला टॉर्च मारून बाहुल्या बघतो. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला आकसेना, की धावपळ सुरू होते.

मॅनिटॉल ही एक जातीची साखरच आहे, पण ती मेंदूच्या पेशींत शिरत नाही, रक्तातच राहते. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसं मेंदूतलं जास्तीचं पाणी रक्ताकडे ओढलं जातं आणि तिथून लघवीवाटे बाहेर पडतं. अर्ध्या तासात परिणाम दिसतो आणि काही तासांत ओसरतो, म्हणून ठरावीक तासांनी पुन्हा लावावं लागतं. आपल्याकडची नेहमीची बाटली 20 टक्क्यांची, 100 मिलीत 20 ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिच्या तळाशी खडे धरतात. तेव्हा बाटली गरम पाण्यात धरायची, हलवायची, उजेडासमोर धरून एकही कण उरला नाही ना ते बघायचं, थोडी निवू द्यायची आणि मगच फिल्टरच्या सेटमधून लावायची. सिस्टर बाटली घेऊन गरम पाण्याशी काय खेळत बसलीय, असं काचेतून बघणाऱ्यांना वाटत असेल. एक कण शिरेत गेला तर काय, हा विचार आमच्या डोक्यात असतो.

किडनीचं म्हणाल, तर भीती अगदीच खोटी नाही. हे औषध शरीरातलं पाणी भराभर काढतं. जास्त दिवस चाललं किंवा पेशंटच्या अंगात आधीच पाणी कमी असलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढू शकतं. म्हणून तर सोडियम आणि क्रिएटिनिनसाठी सारखं रक्त काढतात, लघवीचा तासातासाचा हिशोब ठेवतात. युरिन बॅग भराभर भरली की लोक ‘सिस्टर, हे काय’ म्हणत येतात. अहो, तेच तर हवंय. बीपी कमी असेल तर डॉक्टर मॅनिटॉलऐवजी 3 टक्के मिठाचं सलाइन निवडतात. म्हणजे बाटली बंद झाली याची दोन साधी कारणं असतात: सूज उतरतेय, नाहीतर किडनी-सोडियम बघून औषध बदललंय. यातलं कोणतं, ते राउंडच्या वेळी सरळ विचारा. विचारल्याचा राग कुणी मानत नाही, आणि मानला तरी विचारा.

शेजारच्या बेडवरच्या पेशंटला ‘डेक्सा’, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, देतात, आमच्या बाबांना का नाही, हा प्रश्नही पुढे येईलच. त्या पेशंटला बहुधा मेंदूत गाठ असते. गाठीभोवतीच्या सुजेवर स्टेरॉइड छान चालतं. डोक्याच्या मारात मात्र नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश नावाच्या चाचणीत दहा हजारांवर जखमी लोक होते, आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हा कुणा ओळखीच्यांनी सुचवलं तरी आग्रह धरू नका.

आता फिट. फिट आली की मेंदू ऑक्सिजन भराभर खातो, तिकडे रक्त धावतं आणि दाब आणखी वाढतो. म्हणून मार जबर असेल तर फिट न येताही पहिले सात दिवस औषध देतात. 1990 मध्ये अमेरिकेत फेनिटॉइन या फिटच्या औषधावर झालेल्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात फिट येणाऱ्यांचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आसपास आलं होतं. पुढच्या महिन्यांत येणाऱ्या फिट मात्र त्याने टळल्या नाहीत. म्हणूनच ‘असू दे, चालू राहू दे’ म्हणून वर्षानुवर्षं गोळी घेण्यात अर्थ नसतो. वडिलांना एक फिट येऊन गेलीय, त्यामुळे त्यांचं औषध सात दिवसांपेक्षा जास्त चालू शकतं. किती, ते सीटी आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) बघून ठरेल. पहिल्या आठवड्यातली फिट पुढचा धोका वाढवते, पण तेवढ्याने माणूस अपस्माराचा पेशंट ठरत नाही.

पूर्वी एप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइनच, सर्रास असायचं. ते ग्लुकोजमध्ये मिसळलं की गढूळ होतं, नॉर्मल सलाइनमध्येच द्यावं लागतं, तेही मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने नाही. नाहीतर बीपी पडतो, हृदयाचे ठोके बिघडतात. लेव्हेटिरासिटाममध्ये ही कटकट नाही आणि इतर औषधांशी ते सहसा भांडत नाही. आम्हा सिस्टर मंडळींचं ते लाडकं आहे, हे कबूल करते. पण ते ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून नव्हे. थांबतच नसलेल्या फिटवर लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या तीन औषधांची तुलना 2019 साली प्रसिद्ध झाली. तिन्हींनी साधारण निम्म्या पेशंटांच्याच फिट थांबवल्या.

घरी गेल्यावर गोळीची वेळ चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. एकदम तोडल्यावर फिट उसळून येते. चतुर्थी असो की एकादशी, गोळी उपवासाला चालते. पुन्हा फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. कांदा-चप्पल हुंगवायला कुणीतरी येईलच, त्याला बाजूला बसवा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर 108 ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का आणि किती मारायचा, हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या.

आणि लेव्हेटिरासिटामने काही जण भयंकर चिडखोर होतात. शांत माणूस ताट भिरकावतो, रडतो, कुणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात, आजारपणामुळे असेल. असेलही, पण औषधामुळेही असू शकतं. असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करता येतो, गोळी बदलून मिळते.