आत्याचा तंबोरा: दुरुस्त करावा की तसाच जपावा?

प्रश्न : सुमारे साठ वर्षांपूर्वी मिरजेत बनवलेला माझ्या आत्याचा तंबोरा आता माझ्याकडे आला आहे. भोपळ्याला मागच्या बाजूने वीतभर तडा गेला आहे, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारांच्या चऱ्या पडल्या आहेत आणि दोन खुंट्या घसरतात. एका कारागिरांनी भोपळा व तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) बदलून, नवे पॉलिश करून देण्याची तयारी दाखवली; एका परिचितांच्या मते जुन्या वाद्याला हातच लावू नये. मी रोज सकाळी रियाज करते. काय करावे?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातले रियाजाचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तंबोरा रोज छेडायचा असेल, तर हातच लावू नये हा सल्ला उपयोगाचा नाही. मात्र भोपळा आणि तबली दोन्ही बदलल्यावर हाती येईल ते जुन्या दांडीवरचे नवे वाद्य असेल. दोन भोपळे कधीच सारखे नसतात, आणि तबलीची जाडी कारागीर बोटांनी ठोकून, कानाने अजमावून ठरवतो. तो नाद एकदा गेला की परत मिळत नाही, म्हणून या बदलाला तुम्ही होकार देऊ नये असे मी आग्रहाने सांगते.

चऱ्या आणि खुंट्या ही निव्वळ झीज आहे. तार एकाच जागी घासत राहिल्याने घोडीच्या माथ्याचा अलगद उतार मोडतो, आणि मग घोडीवर तारेखाली घातलेला दोरा कितीही सरकवला तरी नाद फुलत नाही, बोथटच राहतो. जाणत्या कारागिराने कानशीने घासून जवारी काढली, म्हणजे नाद खुलेल असा घोडीचा माथा घडवला, की तो उतार पुन्हा मिळतो. घासण्याइतकी उंचीच उरली नसेल तर नवी घोडी बसवावी, पण जुनी आठवणीने परत मागून घ्यावी. (ती हस्तिदंताची निघाल्यास तिची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हे ध्यानात असू द्या.) खुंट्यांना आधी खडू लावून पाहा, भोके मोठी झाली असतील तरच त्या नव्याने बसवाव्या लागतील.

खरा विचार तड्याचा आहे. तड्यावरून नख आडवे फिरवा आणि दोन्ही कडा एका पातळीत आहेत का ते पाहा. मग एका कडेवर अंगठा अगदी हलका टेकवून ती हलते का ते बघा. कडा स्थिर असतील तर बाहेरून भरून काम भागते. हलत असतील तर तबली उचलून आतून पट्टी चिकटवावी लागते आणि जोखीम तिथेच असते. जुना सांधा सरसाचा (सुतारकामातल्या पारंपरिक चिकट गोंदाचा) असेल तर ऊब आणि ओलावा देऊन तो सुटतो. मध्यंतरी कोणी इपॉक्सी वापरले असेल तर लाकूड सोलून निघण्याची भीती असते. म्हणून काम देण्यापूर्वी कोणता चिकटपदार्थ वापरणार हे जरूर विचारा, आणि सरसाचाच आग्रह धरा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कारागिरालाही तो सांधा उघडता येईल.

तबली किडीने पोखरलेली असेल, भोकांतून ताजा भुगा पडत असेल, किंवा एक डोळा मिटून खुंट्यांकडून पाहिल्यावर दांडी पिळलेली दिसली, तर मात्र मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. पिळलेली दांडी सरळ केली तरी तारांचा ताण तिला पुन्हा ओढत राहतो.

पॉलिश नको. जुन्या लाखेचा थर खरवडताना नक्षीही झिजते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे.

शक्य असल्यास वाद्य मिरजेलाच न्यावे. तिथे ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि आपल्याच गावच्या जुन्या घडणीचे वाद्य कसे उघडावे हे तिथल्या हातांना ठाऊक असते. कडा स्थिर असतील तर आधी फक्त खुंट्या व जवारी करून घ्या, पंधरा दिवस त्यावर गा आणि मगच तड्याचे ठरवा. कडा हलत असतील तर काम होईपर्यंत चारही तारा पुष्कळ सैल करून ठेवा, आणि घरी वाद्य भोपळ्यावर भार येईल असे टेकवू नका.