जिगसॉ पझल चांगलं आहे का आणि किती अवघड जाईल, हे कसं ओळखायचं?

भाचीला हजार तुकड्यांचं पझल द्यायचंय आणि दुकानदार म्हणतो 'महाग तेवढं चांगलं, तुकडे जास्त तेवढं अवघड', ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. दुकानदाराचं सोडा, आमचे साडूही गेली कित्येक वर्षं हेच ऐकवतायत.

मी नाशिकजवळ सातपूरला खोक्यांच्या कारखान्यात पंचिंगवर होतो. कागदी जिगसॉ म्हणजे तेच काम. छापील कागद जाड ग्रे बोर्डाला, म्हणजे राखाडी पुठ्ठ्याला, चिकटवायचा आणि पोलादी पात्यांची डाय, म्हणजे कापायचा साचा, वरून दाबायची. पात्याची धार गेली की तुकड्याच्या कडेला कुसं राहतात, पाठीचा कागद फाटतो, पिशवीच्या तळाशी भुसा साठतो.

साडूंचं म्हणणं, परदेशी पझलमधला तुकडा जगात एकमेव असतो, म्हणून किंमत. गंगापूर रोडला त्यांच्या हॉलमध्ये जर्मनीच्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचं पझल लावून झालं होतं, फक्त आभाळातला एक तुकडा सापडेना. कामवाल्या मावशींवर आळ यायच्या बेतात होता. शेजारच्या टेबलावर नातवाचं व्हेनिस होतं, त्याच कंपनीचं, तेवढ्याच मापाचं. म्हटलं, थांबा. किल्ल्यातल्या भोकाची आडवी ओळ आणि उभी रांग मोजली, व्हेनिसमधला त्याच जागेचा तुकडा काढला. बसेना. साडूंच्या चेहऱ्यावर आनंद. मग विरुद्ध कोपऱ्यातून मोजलं, कारण कागद डायखाली वरची बाजू खाली असा उलटा गेलेला असू शकतो. तो तुकडा असा चपखल बसला की नखानेही निघेना! निळ्या आभाळात नावेचा तपकिरी तुकडा. मेव्हणी हसून बेजार, साडू म्हणे 'योगायोग'. अहो, डाय बनवायला पैसे लागतात, एकच डाय कितीतरी चित्रांना चालवतात. अमेरिकेतले कलाकार टिम क्लाइन तर एकाच डायची दोन पझल्स एकमेकांत मिसळून नवी चित्रं तयार करतात.

तर किंमत बघू नका, कटिंग बघा. कुणाकडे त्या कंपनीचं उघडलेलं पझल असेल तर पाचसहा तुकडे जोडा आणि एका टोकाला धरून उचला. लोंबकळले तरी सुटले नाहीत, तर माल चांगला. चुकीचा तुकडाही 'बसल्यासारखा' वाटत असेल, तर फुकट मिळालं तरी नको. पृष्ठभाग चकचकीत असला तर ट्यूबलाइटखाली डोळे जातात. बारीक कापडी पोताचा बरा. हजाराचा आकडाही कित्येकदा ढोबळच असतो, ३८ गुणिले २७ असे १०२६ तुकडे निघतात.

अवघडपणा चित्रात असतो. रामकुंडावरची गर्दी, साड्या, छत्र्या असलं हजाराचं चित्र पटापट लागतं. गंगापूर धरणाचं नुसतं पाणी पाचशेचं असलं तरी घाम फोडेल. डब्यावरचं आभाळ आणि पाणी हाताने झाका. उरलेलं चित्र निम्म्याहून कमी असेल तर नवख्या माणसाला देऊ नका. कटिंग सरळ ओळीरांगांचं असलं तर सोपं, वेडंवाकडं असलं तर वेळ लागतो. चित्र तेच असेल तर तुकडे वाढल्यावर अवघड होतं, एवढं साडूंचं मान्य.

हे सगळं पुठ्ठ्याच्या पझलचं. लाकडी असेल तर ते करवतीने किंवा लेझरने कापतात, तिथे माझं ज्ञान चालणार नाही. भाचीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. पहिलंच असेल तर तीनशेचं घ्या, हजाराचा हट्ट नको. आणि तुकड्यांच्या पाठीवर ए, बी, सी अशी, तुकडा चित्राच्या कोणत्या भागातला ते सांगणारी अक्षरं छापलेली असतील तर ते एक मोठं पझल नसतं, चारपाच छोटी असतात. साडूंच्या बेडरूममधलं दोन हजारांचं तसलंच आहे. फ्रेम केल्यावर पाठ दिसत नाही.