क्लबचे सचिव झालात? आधी एवढंच करा

अभिनंदन! खानापूर असो वा निपाणी, क्रीडा संस्थेतली भांडणं बहुधा मानधन आणि मैदानाच्या वेळा यांवरूनच पेटतात. म्हणून पहिल्याच महिन्यात प्रशिक्षकापासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाचं काम, तास, मानधन, सुट्टी कागदावर लिहून सही घ्या. मराठी आणि कन्नड, दोन्हींत. सांगोवांगी गेलेला नियम पोचेपर्यंत बदलतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- तक्रार येताच दोघांना समोरासमोर बसवणं. आधी वेगवेगळं ऐका, तारीख घालून टिपून ठेवा.
- संघासोबत स्पर्धेला कोण जाणार हे अध्यक्षांच्या मर्जीवर सोडणं. पाळी लावा. इथे भत्त्यापेक्षा मान जास्त दुखावतो.

वेतनश्रेणी, सेवानियम नंतर बघू.

लैंगिक छळाची तक्रार मात्र आपसात मिटवायची नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था आणि स्टेडियमनाही लागू आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच: अध्यक्षपदी महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक व्यक्ती बाहेरची. कर्मचारी कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार करायची मुदत घटनेपासून ३ महिन्यांची, तेव्हा ‘स्पर्धा उरकू दे, मग बघू’ म्हणून कुणाला थांबवू नका.